घोडेस्वारीच्या थाटाचं जुनं फ्रेंच कॉफी टेबल: या चुका टाळा

पितळी रिकिबी, लगामाच्या कड्या, कातडी पट्टे, वर जाड काच. १९५०च्या दशकातलं असं टेबल दाखवताना विक्रेता हटकून फ्रेंच डिझायनर जाक आद्ने यांचं नाव घेतो. आद्ने (१९००–१९८४) यांनी टाके घातलेल्या कातड्यानं मढवलेलं फर्निचर केलं, एर्मेस (Hermès) या महागड्या फ्रेंच ब्रँडसोबतही काम केलं. आणि एर्मेसची सुरुवातच १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचं सामान बनवण्यापासून झाली. पण तोच थाट पुढे अनेकांनी उचलला. कागदपत्रं नसतील तर टेबलाचे पैसे द्या, नावाचे नकोत.

काच उतरवून शिवण खालून बघा. खोगीर शिवणारा कारागीर एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावतो आणि दोन्ही एकाच भोकातून आरपार काढतो. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशीनची शिवण दिसली म्हणून माल लगेच बनावट ठरत नाही. हातकामाचा भाव मात्र देऊ नका. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या दोऱ्यानं भरून घ्या. नवी भोकं पाडलीत, तर कातडं टपाल तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटेल.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र हौसेनं होतं. कातडं कोरडं वाटलं की लोक खोबरेल नाहीतर ऑलिव्ह तेल चोळतात. कातडं काळवंडतं, धूळ धरतं आणि पितळेला टेकतं तिथे हिरवा, मेणचट थर साचतो. कातड्यातली चरबी आणि पितळेतलं तांबं यांचा तो संयोग. तेल वाढवाल तसा थरही वाढेल. लाकडी टूथपिकनं तो अलगद काढा, कोरड्या कापसानं टिपून घ्या. पाणी, लिंबू, चिंच काही नको. देवघरातल्या समईचे उपाय इथे चालत नाहीत.

पितळ चकचकीत करायची घाईही नको. बऱ्याच टेबलांच्या पितळेवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा, थर असतो. पॉलिशनं तो ठिगळाठिगळांनी निघतो, आणि पॉलिश शिवणीत शिरून पांढरं पडतं ते वेगळंच. आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता पितळी मुलामा. तो घासलात तर गेलाच.

काच थेट कातड्यावर ठेवू नका, खाली ओल कोंडते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर बुरशी ठरलेलीच. चारही कोपऱ्यांत पारदर्शक सिलिकॉनच्या टिकल्या लावा. आणि काच बदलायचीच झाली, तर टफन्डच घ्या.