रक्तजनक मूलपेशी वाढवणाऱ्या रेणूची पारख कशी करावी
नाळेच्या रक्तातील सीडी३४ पेशींवर (पृष्ठभागावर सीडी३४ हे प्रथिन असलेल्या पेशी; रक्तजनक मूलपेशी यांच्यातच असतात) नवा रेणू तपासताना तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवावा, पेशी वाढवण्याच्या माध्यमात डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नये आणि रेणू नसलेल्या तुलनेच्या वेलमध्येही (प्रयोगाच्या ताटलीतील खळग्यातही) डीएमएसओ तेवढाच घालावा, कारण हा द्रावक स्वतःच पेशींना इजा करू शकतो.

नंतर नुसती पेशींची संख्या पाहून हुरळून जाऊ नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्टेमरेजेनिन-१ या प्युरिनवर्गीय रेणूने सीडी३४ पेशी ५० पट वाढल्या, पण प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या उंदरांत रुजणाऱ्या पेशी १७ पटच वाढल्या. म्हणूनच खरा निवाडा उंदराच्या अस्थिमज्जेत, तोही निदान १६ आठवड्यांनी करावा. मूलपेशींपासून बनलेल्या अल्पायुषी पूर्वज पेशी तोवर बहुतांशी संपलेल्या असतात. रेणूची रचना सुधारताना मात्र एका वेळी एकच रासायनिक गट बदलावा.