शाळेवर सोलर बसवताय? आधी विजेचं बिल काढा

मी कराडकडचा वायरमन. बरीच वर्षं सोलरचीच कामं करतोय आणि त्यात जिल्हा परिषदेच्या शाळा पुष्कळ. गुरुजींचा किंवा बाईंचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आमच्या छतावर किती किलोवॉट बसेल?" एका किलोवॉटला शंभर चौरस फूट धरा, उत्तर मिळालं. पण शाळेला लागतं किती, हे कळायला छतावर नाही, कपाटात बघावं लागतं.

गेल्या वर्षभराची बिलं काढा. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, थकबाकी किती आणि मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज घ्यायची परवानगी आहे तो किलोवॉटचा आकडा) किती, एवढं बघा. थकबाकी असेल तर नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरची जास्तीची वीज ग्रीडला देऊन बिलात वळती करून घ्यायचा, अर्ज पुढे सरकत नाही. नाव जुन्याच कुणाचं असेल तर ते बदलून घ्या. आणि सोलरचा संच मंजूर भाराच्या आत बसावा लागतो. वाडीवरच्या शाळेचा भार एक किलोवॉट आणि देणगीदार म्हणतो पाच किलोवॉट देतो, असं असेल तर आधी भारवाढीचा अर्ज महावितरणकडे टाका, मग पॅनलची कोटेशनं मागवा.

पैशांचंही आधीच सांगतो. ७८ हजारांच्या अनुदानाची जाहिरात बघून बरेच जण येतात. ते २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचं, घरगुती ग्राहकांसाठी. शाळेला ते लागू नाही. शाळांची कामं होतात ती जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी, आमदार फंड, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामाचा निधी), नाहीतर लोकवर्गणीतून.

आता हिशेब. पाच खोल्यांच्या शाळेत दहा पंखे, जुने ७५ वॅटचे, सहा तास चालले तर साडेचार युनिट. दहा एलईडी ट्यूबचं सव्वा युनिट. दोन टीव्ही तीन-तीन तास, एक युनिट. एक एचपीची मोटर तासभर, अजून एक. म्हणजे दिवसाला पावणेआठ-आठ युनिट. शाळा भरते वर्षाला २२० दिवस धरा. झाले सतराशे युनिट. आपल्या भागात एक किलोवॉट वर्षाला साधारण १४०० युनिट देतो, तेव्हा दोन किलोवॉटमध्ये, म्हणजे ५४० वॅटच्या चार पॅनलमध्ये, ही शाळा आरामात चालते. पंखे बदलून ३० वॅटचे, कमी वीज खाणारे बीएलडीसी बसवले तर त्याहूनही कमी लागेल. निधी आला म्हणून पाच किलोवॉट टाकण्यापेक्षा उरलेल्या पैशात पंखे घ्या, हे मी प्रत्येक सभेत सांगतो. सरपंचांना ते फारसं आवडत नाही, कारण पंख्याचं उद्घाटन होत नाही.

शाळेचं गणित घरापेक्षा वेगळं आहे ते सुट्ट्यांमुळे. सर्वांत जास्त वीज उन्हाळ्यात तयार होते आणि मे महिन्यात तर शाळा बंद. नेट मीटर नसेल तर ती वीज वाया. नेट मीटर असेल तर ती ग्रीडमध्ये जाते आणि तुमच्या नावावर जमा होते. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणजे मे महिन्यात जमा झालेले युनिट वापरायला पुढचे दहा महिने हातात असतात. ३१ मार्चला जे उरतं त्याचे पैसे मिळतात, पण आपण भरतो त्या दराने नव्हे, त्याहून बरेच कमी. मोठा संच नको म्हणतो ते याच्यासाठीही. आणि कुणी "बिल शून्य येईल" म्हणालं तर त्याला स्थिर आकाराचं, म्हणजे वीज वापरा-न वापरा बिलात लागणाऱ्या रकमेचं, विचारा. तो भरावाच लागतो.

म्हणून माझा आग्रह असा, की काम दिवाळीच्या सुट्टीत करा आणि नेट मीटर मार्चच्या आत लावून घ्या.

दुसरा घोळ लाईट गेल्यावरचा. साधा ऑनग्रिड संच, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रीडला जोडलेला, बाहेर कितीही ऊन असलं तरी, लाईट गेली की बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या बाजूने करंट जाऊ नये म्हणून इन्व्हर्टरमध्येच (पॅनलची डीसी वीज आपल्या वापराच्या एसी विजेत बदलणारी पेटी) तशी सोय केलेली असते. बसवून झाल्यावर हे कळलं की शाळेत भांडणं होतात. गावात भारनियमन जास्त असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, पण त्यावर सगळी शाळा टाकू नका. ऑफिस आणि एक डिजिटल वर्ग पुरे. बॅटरी शक्यतो लिथियमची. ट्युब्युलर स्वस्त पडते, पण तिला डिस्टिल्ड वॉटर लागतं आणि मे महिन्यात ते घालायला शाळेत कोण असतं?

आता छतावर चला. सावलीची पाहणी मे महिन्यात करू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा टाकीचीसुद्धा सावली पडत नाही आणि सगळं छत मोकळं वाटतं. खरी पाहणी डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातली. तेव्हा दुपारी बाराला सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास असते, सकाळी नऊला दुपटीच्या आसपास, आणि ती उत्तरेकडे झुकते. खडू घेऊन चढा. नऊ, बारा आणि तीनला टाकी, कठडा, झेंड्याचा खांब, शेजारचा कडुनिंब, सगळ्यांच्या सावल्या स्लॅबवर आखा. रेघांच्या बाहेर उरली ती तुमची जागा. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी सगळ्या माळेला फटका बसतो. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. अगदी आडवं ठेवलं तर खालच्या पट्टीशी धूळ साचते.

गळका स्लॅब असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, पॅनल बसल्यावर खाली कोबा करता येत नाही. इमारत जुनी असेल तर बांधकाम विभागाच्या अभियंत्यांचं लेखी घ्या. पॅनलच्या वजनाची धास्ती बाळगू नका. एक पॅनल २८ किलोच्या आसपास, तेही अडीच चौरस मीटरवर पसरलेलं. भीती वाऱ्याची. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत शाळांचे पत्रे उडवले. तिरकं पॅनल वारा खालून उचलतो. स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करता येतं. एक फूट लांब-रुंद-उंच ठोकळा ६५-७० किलो भरतो. किती ठोकळे लागतील ते त्या जागेच्या वाऱ्यावरून अभियंत्याने काढावं, फिटरने अंदाजाने नव्हे. ठोकळे बीमच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवा आणि आठवडाभर पाणी मारा. पत्र्याची शाळा असेल तर क्लँप पत्र्याला नव्हे, खालच्या पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी दांडीला, आवळा. कौलारू शाळेवर मी काम घेत नाही, आवारात स्ट्रक्चर उभं करा म्हणतो.

अर्थिंग तीन, वेगवेगळी: डीसीचं, एसीचं आणि वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या अरेस्टरचं. पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात घालणारे भेटतात. बिल पास करण्याआधी मीटर लावून दाखव म्हणा, पाच ओहमच्या आत हवं. खड्डे हातपंप आणि मुलांच्या हात धुण्याच्या नळापासून लांब. अरेस्टरची पट्टी व्हरांड्यावरून उतरवायची नाही, मागच्या भिंतीवरून उतरवा आणि मुलांचा हात पोचेल तिथवर पाइपात घाला.

इन्व्हर्टर ऑफिसच्या भिंतीवर, पाच फुटांवर, चारी बाजूंनी फूटभर मोकळा. खिचडीच्या शेडमध्ये नको, तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत तर नकोच. जिन्याला कुलूप लावा, चेंडू वर गेला की मुलं जातातच. मुख्य स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतो. चार पॅनलच्या माळेत दोनशे व्होल्टच्या आसपास.

धुणं पंधरा दिवसांनी, सकाळी ऊन चढण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ वायपरने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी असेल तर वाळायच्या आत पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात. हे काम मुलांना सांगू नका.

राहिलं ॲपचं. ठेकेदार घाईत असतो, मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर ॲप टाकून देतो आणि जातो. मग बदल्या होतात, गुरुजी दुसऱ्या तालुक्यात, ॲप त्यांच्या खिशात, आणि संच बंद आहे हे शाळेला वाढीव बिल आल्यावर कळतं. नोंदणी शाळेच्या ईमेलवर करून घ्या. वॉरंटी कार्डं, पॅनलचे सीरियल नंबर, नेट मीटरिंगचा करार आणि पाच वर्षांच्या देखभालीचं पत्र एका फाइलला लावा. ती फाइल आणि ॲपचा पासवर्ड, दोन्ही चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत लिहा.