नाणेघाटातला नागनिकेचा लेख कसा बघायचा

नाणेघाटात लोक जातात, रांजणासोबत फोटो काढतात आणि गुहेत डोकावून दोन मिनिटांत बाहेर. आत भिंतींवर सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे आणि तो थोडा तरी समजून घ्यायचा असेल तर घरूनच जरा तयारी करून जा.

पावसाळ्यात तिथं गर्दी आणि धुकं, त्यामुळे लेखासाठी हिवाळा बरा. जुन्नरकडून घाटघरमार्गे गेलात तर गाडी जवळपास माथ्यापर्यंत जाते, चढून यायचं असेल तर मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरेकडून या. टॉर्च न्याच, पण समोरून मारू नका, भिंतीला चिकटवल्यासारखा बाजूने तिरका धरा म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि मग अक्षरं एकदम उठून दिसतात. अक्षरांवर पाणी, खडू, बोट काही लावायचं नाही. काही लोक खडू फिरवतात, त्यांना काय बोलावं!

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सगळी मुळाक्षरं पाठ करत बसू नका, आधी चारच घ्या: क म्हणजे अधिकचं चिन्ह, र म्हणजे उभी रेघ, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, ग म्हणजे टोक वर असलेला कोन. डावीकडच्या भिंतीपासून सुरू करा, सुरुवातीलाच धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव (म्हणजे बलराम-कृष्ण), चंद्र-सूर्य आणि चार लोकपालांना नमन आहे, त्यात ‘नमो’मधला न सापडतो का बघा.

पुढे बाईंची ओळख येते, महारठीची (त्या काळच्या बड्या सरदाराची) मुलगी, सातकर्णीची राणी, वेदिसिरीची आई, महिना-महिना उपवास करणारी. मुलगा लहान असताना कारभार हिनेच बघितला असं अभ्यासक मानतात ते यावरूनच.

मग उजवी भिंत, आणि माझ्या मते खरी मजा इथंच आहे, कारण हा चक्क हिशोब आहे! कोणत्या यज्ञात किती गाई, घोडे, हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले सगळं आकड्यात. हिशोब डाव्या भिंतीवरच सुरू होतो, तिथं एका ठिकाणी 1700 गाई आहेत. पण शून्य शोधू नका, नाहीये, दहा, शंभर, हजार प्रत्येकाला वेगळी खूण आहे आणि 1700 म्हणजे हजाराची खूण आणि पुढे सातशेची, बस.

शेवटी मागची भिंत. इथं राजघराण्याचे पुतळे होते, आता पायांच्या खुणा आणि वरची नावं एवढंच. पहिलं सिमुक सातवाहनाचं, त्याच्या शेजारी ‘देवी नायनिका’ (म्हणजे आपली नागनिकाच) आणि राजा सिरी सातकनी यांचं एकत्र, आणि त्यात राणीचं नाव राजाच्या आधी खोदलंय.