कोल्हापुरात घरकुल योजना आखताना हिशेब कुठून मांडायचा

घरकुलाची फाईल बहुतेक वेळा जागेपासून सुरू होते. ती लाभार्थ्याच्या महिन्याच्या मिळकतीपासून सुरू करा. प्रधानमंत्री आवास योजनेत सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीतून बांधलेल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं. घर साडेसात लाखांत पडलं, तर 5 लाखांचं कर्ज उरतं. 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी त्याचा हप्ता साधारण 4,500 रुपये. महिना 15,000 कमावणाऱ्याची ही 30 टक्के मिळकत झाली, आणि त्यात मेंटेनन्स, वीज, प्रवास धरलेलाच नाही. गणित बसत नसेल तर महापालिकेने जमिनीची किंमत घराच्या किमतीत धरू नये, किंवा काही घरं न विकता भाड्याने द्यावीत.

कर्जपात्रता सोडतीआधीच तपासून घ्या. शिरोलीतल्या फाउंड्रीत कंत्राटावर असलेल्याकडे किंवा घरकाम करणाऱ्या बाईकडे पगाराची स्लिप नसते. बँक नाही म्हणते आणि नंबर लागूनही घर हातचं जातं.

जागा स्वस्त मिळते ती दोनच कारणांनी: लांब असते, नाहीतर पाण्यात जाते. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या आतली जागा घेऊच नका. निळ्या आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेमधल्या जागेत जोतं लाल रेषेच्या वर न्यावं लागतं. पण घर कोरडं राहून रस्ता बुडाला तरी काय उपयोग? 2019 आणि 2021 चा पूर डोळ्यांसमोर ठेवा. नदी लांब असली तरी शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचा फुगवटा बघा. केएमटीचा, म्हणजे शहर बसचा थांबा चालत दहा मिनिटांत हवा. नाहीतर रिक्षापायी हप्ता थकतो आणि कुटुंब घर भाड्याने देऊन जुन्या वस्तीत परत जातं.

घर 30 चौरस मीटर कारपेटचं (भिंतींच्या आतली वापरातली जागा), म्हणजे 323 चौरस फूट. तळमजला अधिक तीन मजले पुरेत. लिफ्ट आली की तिचं बिलही दर महिन्याला येतं. काळी माती असेल तर पाया कठीण मुरमापर्यंत न्या. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंतींना तिरप्या भेगा पडतात. सगळ्यात जास्त तक्रारी संडास-बाथरूमच्या गळतीच्या. फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरून ओल तपासा. ड्रेनेजचे पाईप भिंतीत गाडू नका. त्यांच्यासाठी माणूस आत शिरेल एवढा डक्ट, म्हणजे उभी मोकळी पोकळी ठेवा.

बांधकामातल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्याने (घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा) ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. ताबा देताना ही मुदत कधी संपते ती तारीख सोसायटीला लेखी द्या आणि मुदत संपण्याआधी एक पावसाळा हाताशी ठेवून पूर्ण तपासणी करून घ्या.