आकडेमोडीच्या मशीनसाठी मदरबोर्ड घेताय? या चुका टाळा

दिवसरात्र फक्त आकडेमोड करणारं मशीन बांधायचं म्हटलं, की आपण आधी प्रोसेसर ठरवतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो बोर्ड उचलतो. मीही तेच केलं. सोळा कोरचा (म्हणजे आत सोळा गणकं असलेला) प्रोसेसर आणि त्याखाली दुकानातला सगळ्यात स्वस्त बोर्ड. हिवाळा छान गेला. भुसावळचा मे लागला, तसे सकाळी ४.५ गिगाहर्ट्झवर पळणारे कोर दुपारी तीनला २ गिगाहर्ट्झवर येऊन बसायला लागले. रात्री पुन्हा ठीक. मशीन बंद पडत नव्हतं, एररही येत नव्हती, म्हणून आठवडाभर मी प्रोग्रामच तपासत बसलो. शेवटी बाजूचं झाकण काढून सॉकेटशेजारी, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेजवळ, बोट नेलं, तर लांबूनच धग लागली. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, तापला होता, म्हणूनच कोर मंदावत होते; त्यावर उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंकच नव्हता.

गेममध्ये लोड चढतो-उतरतो, इथे सगळे कोर चोवीस तास राबतात. एएमडीच्या सोळा कोरच्या रायझन ७९५०एक्स प्रोसेसरवर १७० वॅट लिहिलेलं असतं, पण तो २३० वॅटपर्यंत ओढतो. म्हणून बोर्डावरच्या रंगीत लाइट्स सोडा, व्हीआरएमवरचा हीटसिंक बघा. लिक्विड कूलर लावणार असाल तर बोर्डाच्या त्या भागाला वारा मिळत नाही, तिथे वेगळा पंखा हवाच. उन्हाळ्यात मी बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमधून, इको मोड (प्रोसेसरची वीज मर्यादित करणारी सेटिंग) लावतो. वेग थोडाच घटतो, उष्णता मात्र बरीच उतरते.

दुसरी चूक रॅमची. चार स्लॉट दिसले म्हणजे चार चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या चार वाटा, नव्हेत. एएमडीचं एएम५ सॉकेट असो की इंटेलचं एलजीए१७००, चॅनल दोनच. केळीचे वीस ट्रक आणि वजनकाटे दोन, अशी गत होते. मोठ्या मॅट्रिक्स, हवामानाची मॉडेल्स असलं काम असेल तर एएमडीचा चार चॅनलचा थ्रेडरिपर प्रोसेसर परवडतो का ते आधी बघा. मूळ संख्या शोधण्यासारख्या, बराचसा डेटा प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, मावणाऱ्या कामाला त्याची तितकी गरज नाही. आणि डीडीआर५ रॅमच्या चार काड्या भरू नका: रायझन ७००० मालिकेत अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० वर येतो. दोनच घ्या, मोठ्या घ्या.

महिनाभर चालणाऱ्या गणनेला ईसीसी रॅम, म्हणजे साठवलेल्या आकड्यांतल्या चुका पकडून दुरुस्त करणारी रॅम, हवी. एलजीए१७०० वर त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. एएम५ वर ते बोर्डागणिक बदलतं, कंपनीच्या यादीत मॉडेल शोधूनच पैसे द्या.

लाइट गेली तर? बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करा आणि प्रोग्रामला दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट (तोवरच्या कामाची नोंद) लिहायला लावा.