अल्फा-१ तपासणीच्या आधी: ताप उतरू द्या, खोकला जाऊ द्या

निपाणीत तंबाखूच्या वखारीत वीस वर्षे काढलेल्या माझ्या धाकट्या भावाचे रक्त आम्ही गेल्या वर्षीच्या आषाढात तपासायला दिले, तेव्हा त्याच्या अंगात ताप होता आणि छातीत कफ वाजत होता. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन म्हणजे फुफ्फुसांना जपणारे रक्तातले एक प्रथिन; ते कमी असेल तर फुफ्फुसांना धोका. त्याचा आकडा ११२ आला, कागदावर नॉर्मलची खालची मर्यादा ९० छापलेली होती, आणि सुटलो असे समजून आम्ही घरी आलो. त्यात तेरा महिने वाया गेले. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव भागातून कोणी या तपासणीला निघणार असेल, तर त्याच्यासाठी ही तयारी लिहितो आहे.

आजारात रक्त देऊ नका, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे प्रथिन यकृतात तयार होते, रक्तातून फुफ्फुसांत पोचते आणि पांढऱ्या पेशींतून सुटणाऱ्या इलास्टेज या विकरापासून तिथल्या नाजूक वायुकोशांना वाचवते. मात्र शरीरात संसर्ग किंवा दाह झाला की यकृत त्याचे उत्पादन वाढवते, आणि ज्याच्या या प्रथिनाच्या, आई-वडिलांकडून एकेक आलेल्या, दोन जनुकांपैकी एकच सदोष आहे त्याचा आकडा तापात चढून नॉर्मलमध्ये जाऊन बसतो. दोन्ही जनुके सदोष असतील तर तो सहसा तापातही खालीच राहतो. फसगत होते ती माझ्या भावासारख्या मधल्या माणसांची. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी ताप उतरल्यावर सहा आठवडे थांबवले, तेव्हा आकडा ७४ आला. औषधोपचार थांबवायचे नाहीत, फक्त नमुना पुढे ढकलायचा. आमच्याकडे मृग लागला की घराघरांत खोकला सुरू होतो, हे तारीख ठरवताना लक्षात घ्या.

त्याच वेळी सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणीही करून घ्या. दाह असेल तर ती वाढलेली दिसते, आणि ती वाढलेली असेल तर अल्फा-१ च्या नॉर्मल आकड्यावर विसंबू नये. आमच्या चिठ्ठीवर सीआरपी नव्हती आणि आम्हीही विचारले नाही. तुम्ही विचारा.

गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही आकडा चढतो, म्हणून स्त्रियांनी हे आधी सांगावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. उपाशीपोटी जाण्याची गरज सहसा नसते.

चिठ्ठीवर तपासणीचे नाव पूर्ण लिहून घ्या, कारण नुसते ‘अल्फा’ वाचून अल्फा फीटोप्रोटीन ही वेगळीच तपासणी होऊ शकते. ‘विडी ओढतो, दम लागणारच’ असे म्हणून कोणी टाळले, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्येच दीर्घकालीन श्वसनरोगाच्या रुग्णांची ही तपासणी एकदा तरी व्हावी असे सुचवले आहे, हे नम्रपणे सांगा. जनुकांची तपासणीही करायची असेल तर त्यासाठी बहुधा जांभळ्या झाकणाची वेगळी नळी लागते. ती त्याच वेळी भरून घेतली तर दुसरी खेप वाचते.

सीटी स्कॅन, फुंकणीची तपासणी (नळीत फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजतात ती, स्पायरोमेट्री) आणि यकृताचे जुने रिपोर्ट बरोबर न्या. आपल्या भागात आधारवर नाव कन्नड वळणाचे आणि जुन्या फाइलवर मराठी वळणाचे असते. खिडकीवर दोन्ही दाखवून एकच नाव लिहून घ्या.

निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. जन्मल्यावर कोणाची कावीळ लांबली होती, चाळिशीतच दम कोणाला लागला, हे त्यांनाच ठाऊक असते. आमची आत्या सहज बोलून गेली, “तुझा थोरला काका पोट फुगून गेला, अन् दारूला कधी शिवला न्हवता.” सदोष प्रथिन यकृताच्या पेशींतच साचून राहते, त्यामुळे यकृतही बिघडू शकते; काकांचे काय झाले होते ते आता कळणार नाही, पण ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी होती.

रिपोर्ट आल्यावर सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावे आणि मुलांबाबत डॉक्टरांना विचारावे. विडी त्याच दिवशी बंद. वखारीत तोंडाला फडके.

माझे स्वतःचे रक्त पुढच्या आठवड्यात द्यायचे आहे. त्या सकाळी थर्मामीटर लावणार. ताप निघाला तर बस पकडणार नाही.