पडद्यावर पतंग कसे पाहावेत

रात्री दिव्याकडे येणारे पतंग, म्हणजे कीटक, चादरीच्या पडद्यावर पाहायचे तर पावसाळ्यातली अमावस्येच्या आसपासची, दमट आणि वारा पडलेली रात्र निवडा. चांदण्यात दिव्याचा प्रभाव ओसरतो.

दोन झाडांमध्ये दोरी बांधून पांढरी सुती चादर ताणा. सुतावर पतंगांचे पाय नीट रोवतात, गुळगुळीत कापडावरून ते घसरतात. खालची हातभर कड जमिनीवर पसरा. बरेच पतंग तिथेच बसतात, म्हणून पाऊल जपून टाका.

चादरीपुढे वीतभर अंतरावर १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब टांगा. तो चोकशिवाय चालतो. साध्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर फारसं काही येत नाही. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर बल्ब तडकतो; वर छप्पर हवंच. दिव्याकडे टक लावून पाहू नका.

दिवेलागणीपासून मध्यरात्रीनंतरही दर तासाला नोंद घ्या, कारण जातीजातींची वेळ वेगळी असते. फोटो सरळ वरून काढा, शेजारी पट्टी ठेवा. काही जाती मात्र जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखूच येत नाहीत. तिथे प्रजातीपर्यंतच (जातीच्या वरचा गट, जीनस) नाव लिहिणं प्रामाणिक.

उजाडण्याआधी दिवा बंद करून चादर झुडपांत हलकेच झटका. नाहीतर सकाळी बुलबुल आणि दयाळ सगळे टिपून नेतात.